धारणीला बॉण्ड घेऊ का? बालरोगतज्ज्ञाला तिथे खरंच काम असतं का?

निंबोणी२९:
नमस्कार. एमडी पेडियाट्रिक्सची परीक्षा नुकतीच झाली. एक वर्षाचा बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) आहे आणि मेळघाटातल्या धारणीची जागा मिळण्यासारखी आहे. घरचे म्हणतात, अमरावतीतच वर्ष काढ आणि मग दवाखाना टाक. मला मात्र जमलं तर वर्षापेक्षा जास्त राहायचंय. तीन वर्षं व्हेंटिलेटर, सरफॅक्टंट, सेंट्रल लाइन हेच केलं. तिथे हे काही नसेल तर मी करणार काय? रेफरच्या चिठ्ठ्याच लिहायच्या का? हात गंजतील का? तिथली कोरकू भाषा येत नाही. जे प्रत्यक्ष राहिलेत त्यांनी मोकळेपणी सांगावं.

सागवान_वाट:
मी बालरोगतज्ज्ञ. २००४ साली मेळघाटात आले, अजून इथेच आहे.

रेफरचं आधी सांगते. सिपनेला पूर आला की चिठ्ठी लिहून काही होत नाही, बाळ तुमच्याच टेबलावर असतं. पहिल्याच पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री दीड किलोचं बाळ आलं. आईच्या छातीशी बांधलं, वरून आजीचं लुगडं गुंडाळलं, दर दोन तासांनी वाटीत काढलेलं दूध नळीने दिलं. पहाटे पाय हाताला ऊबदार लागले, तो स्पर्श अजून आठवतो. हात गंजत नाहीत, खात्री बाळगा.

आता जे सांगायला जड जातं ते. त्याच वर्षी आठ महिन्यांचं एक पोरगं आलं. श्वास मिनिटाला ७२, बरगड्यांखाली खड्डे पडत होते आणि बेंबीभोवती डंब्याचे ताजे चटके. पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने डागतात, त्याला इथे डंबा म्हणतात. मी त्या आईला अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. पोरगं वाचलं. दीड वर्षाने तिला दुसरं मूल झालं. ते तापाने फणफणलं तेव्हा ती माझ्याकडे आलीच नाही. मूल घरीच दगावलं. मला हे तिच्या सासूने सांगितलं, शेतात निंदता निंदता, माझ्याकडे न बघता. "तू रागावतेस," एवढंच म्हणाली.

भूमका, म्हणजे गावचा वैदू-मांत्रिक, पाच घरं पलीकडे राहतो आणि रात्री दोनला दार उघडतो. मी एक डोंगर उतरून, नदी ओलांडून भेटणारी बाई, वर ओरडणारी. तिने काय करायला हवं होतं? तेव्हापासून चटके दिसले तरी माझा पहिला प्रश्न असतो, "घरून कितीला निघालात? जेवलात का?" चटक्यांचं बोलणं मूल दूध ओढायला लागल्यावर, आणि तेही आजीशी, कारण निर्णय तिचा असतो. भूमक्यांच्या घरी जाऊन बसते. दोघे जण आता फुगलेल्या पोटाचं मूल आधी माझ्याकडे पाठवतात. तिसऱ्याशी बोलणं अजून चालू आहे.

एमडीचं शिक्षण इथे सगळ्यात जास्त वापरलं जातं ते शिकवताना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत हेच करून दाखवलं. गावातल्याच बायकांना बाळाची ऊब राखायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन टोचायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ बघते, त्यामागे ते काम आहे.

आशांच्या बैठकीला मी स्टॉपवॉच घेऊन जाते. झबलं वर करायचं, बाळ रडत असेल तर थांबायचं, पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा गाठला की पाठवायचं. एका आशाचा मोजता मोजता घोटाळा व्हायचा. तिने स्वतःच युक्ती काढली, दर दहा श्वासांना तुरीचा एक दाणा ओटीत टाकायचा. तान्ह्या बाळाचे सहा दाणे झाले की ती बाळाला घेऊन निघते. तिच्यामुळे वाचलेली मुलं मी नावानिशी ओळखते.

गटप्रवर्तक_ताई:
मॅडम बोलल्या ते खरं आहे. मी आधी आशा होते. डॉक्टर, एक विनंती. दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर जातं, होळीला परत येतं. मूल यादीत "अनुपस्थित" दिसलं तर आशाला झापू नका. होळीच्या आठवड्यात वजनकाटा घेऊन आमच्याबरोबर गावात चला, तेव्हा बाहेरून वाळून आलेली लेकरं सापडतात. आणि जाणार असाल तर आधी सांगून जा. दरवर्षी नवीन डॉक्टर येतात, बाया विचारतात जुने कुठे गेले, आम्हाला उत्तर देता येत नाही.

उतरती_सावली:
मी चार वर्षं राहून परत आलो. कामाला कंटाळलो नव्हतो. मुलीची शाळा आणि वडिलांचं आजारपण. एकट्याने राहणं कठीण आहे, हे आधीच मान्य करा आणि रोज ज्याच्याशी केसबद्दल बोलता येईल असा एक जुना सहकारी फोनवर ठेवा. माझ्याकडे तो नव्हता.

निंबोणी२९:
मनापासून आभार. मॅडम, येण्याआधी काय पक्कं करून येऊ?

सागवान_वाट:
सॅमचं, म्हणजे अतितीव्र कुपोषित मूल. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, अंग गार, मूल मलूल, अशा वेळी आधी साखर आणि ऊब. मग एफ-७५ (कुपोषित मुलांसाठीचं उपचाराचं दूध) थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. घाईने सलाईन लावू नका, या मुलांचं हृदय ते पेलत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या स्वतःच्या जवळ ठेवा. फिकट मूल, हातापायांवर सूज, सारखं रडतंय, तर सिकलसेलची तपासणी विसरू नका.

कोरकू इथे आल्यावर येईल. "डा" म्हणजे पाणी, "जोम" म्हणजे जेवणं. तेवढ्यावर पहिला आठवडा निघतो, पुढचं बाया हसत हसत शिकवतात. आणि जमलं तर मे महिन्यात रुजू व्हा. पावसाआधी वाटा पायाखालून गेलेल्या असल्या की जुलैत कोणत्या गावातून मूल यायला किती तास लागतील ते फोनवरच कळतं.