क्रोशाची खेळणी ऑनलाइन विकते, किंमत कशी लावू आणि ४० हत्तींची ऑर्डर घेऊ का?

साखळी_मुकाखांब

नमस्कार मंडळी. मी गेली चार वर्षं क्रोशाची खेळणी विणते, हत्ती, ससे, कासवं, ती जपानी पद्धतीची अमिगुरुमी असतात ना तशी. आधी ओळखीतल्या मुलांसाठीच करायचे, मग लोक मागायला लागले म्हणून मागच्या वर्षी इन्स्टाग्रामवर पेज काढलं आणि एका हस्तकलेच्या साइटवर दुकान पण उघडलं. फोटोंना लाइक भरपूर येतात, विक्री मात्र तुटपुंजी, महिन्याला पाच-सहा नग म्हणजे खूप झालं.

अडचण किमतीची आहे. मी लोकर, आतला कापूस, डोळे यांचा खर्च काढते, त्याला दोनने गुणते आणि तीच किंमत लावते, कारण कुठेतरी तसं वाचलं होतं. तरी दर दोन दिवसांनी कोणीतरी मेसेज करतं की असाच हत्ती दुसरीकडे चौथाई किमतीत मिळतो, तुमचा एवढा महाग का. मी काय उत्तर देणार, गप्प बसते आणि कमी करून देते.

आता एका छोट्या कंपनीकडून विचारणा आलीय, त्यांना भेट द्यायला ४० हत्ती हवेत, सगळे एकसारखे, एका महिन्यात, आणि घाऊक म्हणून निम्म्या दरात. बहीण म्हणते घे, नाव तरी होईल. एका हत्तीला मला साधारण ९ तास लागतात. इतकी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच आलीय त्यामुळे नाही म्हणवत नाहीये. तुमच्यात कोणी अशी ऑर्डर घेतली असेल तर प्लीज सांगा.

माती_आणि_चाक

ताई, आधी तो गुणाकार करून बघा. ४० नग गुणिले ९ तास म्हणजे ३६० तास. तुम्ही रोज ४ तास विणत असाल तर एकही दिवस सुट्टी न घेता ९० दिवस झाले, आणि त्यांना ३० दिवसांत हवंय. म्हणजे रोज १२ तास सुई हातात. मनगट बसेल तुमचं. मी मातीकाम करतो, एकदा अशाच ऑर्डरसाठी चाकावर सलग बसलो होतो आणि नंतर कितीतरी दिवस उजव्या अंगठ्यात साधी वाटी धरवत नव्हती, तेव्हा हे मनापासून सांगतोय.

दुसरं म्हणजे साहित्य गुणिले दोन हे सूत्र क्रोशाला लागूच पडत नाही. ज्या कामात साहित्य महाग आणि मेहनत थोडी तिथे ते एकवेळ चालेल. तुमच्याकडे उलटं आहे, लोकर थोडी आणि वेळ सगळा. त्या सूत्राने तुम्ही ९ तासांची मजुरी एका गुंड्याच्या भावात देताय. आधी स्वतःच्या एका तासाचा दर ठरवा, मग तास गुणिले दर, अधिक साहित्य, अधिक पॅकिंग, अधिक साइटचं कमिशन, आणि वर थोडी बचत, कारण सुई मोडते, लोकरीचा लॉट बदलून रंग जुळत नाही, एखादा नग फसतो. माझ्याकडे भट्टीतून काढल्यावर काही भांडी तडकलेली निघतातच, त्यांचा खर्च चांगल्या निघालेल्या भांड्यांवर टाकल्याशिवाय माझं गणित बसत नाही.

आणि वेळ मोजताना नुसतं विणणं मोजू नका. फोटो काढणं, मेसेजना उत्तरं, खोका शोधणं, कुरियरला जाणं, हे सगळं एक महिना वहीत लिहून बघा. मी लिहिलं तेव्हा कळलं की चाकावर माझा निम्माच वेळ जातो, बाकीचा अर्धा असाच. तो अर्धा वेळ मी कितीतरी वर्षं फुकट देत होतो.

दोन_सुया_एक_क्रोशा

वरच्या दादांशी एकदम सहमत. मला फक्त त्या चौथाई किमतीवाल्या हत्तीबद्दल बोलायचंय, कारण हे कोणी सांगत नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो.

दोन सुयांच्या विणकामाचं मशीन फार जुनं आहे, इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं होतं. पण क्रोशाचं तसं नाही. कारखान्यात क्रोशे मशीन नावाने जी यंत्रं असतात ती लेस आणि पट्ट्या काढतात आणि ती वीण मुळात वेगळीच असते. खरा क्रोशा, म्हणजे एक टाका पुरा करून मगच पुढचा, आणि सुई हव्या त्या भोकात घालायची, हा अजून बाजारातल्या कुठल्याही मशीनवर निघत नाही. त्यात अमिगुरुमी म्हणजे गोल गोल मुके खांब (क्रोशाचा आखूड टाका), ६ टाक्यांचे १२, १२ चे १८, १८ चे २४ असे वाढवत नेऊन मग तसेच घटवत आणायचे, ते हातानेच होतं.

म्हणजे तो स्वस्त हत्ती खरंच क्रोशाचा असेल तर तोही कोणाच्या तरी हातांनीच विणलाय, तेवढेच टाके, जवळपास तेवढाच वेळ. स्वस्त आहे तो मशीनमुळे नाही, त्या बाईला तासाचं जवळपास काहीच मिळालं नाही म्हणून. आपण त्या किमतीशी स्पर्धा करायला गेलो तर आपणही तिच्याच रांगेत जाऊन बसतो आणि तिचा दर अजून खाली ढकलतो. गप्प बसून कमी करून देऊ नका ताई, हेच साध्या शब्दात गिऱ्हाइकाला सांगा. मी सांगते. काही जण निघून जातात, पण जे थांबतात ते परत परत येतात.

अजून एक, तुमचं डिझाइन स्वतःचं आहे की विकत घेतलेल्या पॅटर्नवरून? पॅटर्नवरून असेल तर तो काढणाऱ्याने विकायची परवानगी दिलीय का ते आधी वाचा, पुष्कळ जण देतात पण नाव लिहा म्हणतात. आणि कार्टूनमधली पात्रं विणून विकू नका, दुकान बंद होऊ शकतं.

खोका_आणि_टेप

मी माझ्या बायकोच्या दुकानाचं पाठवणीचं सगळं बघतो (ती कापडी पिशव्या आणि बाहुल्या करते) तर त्या बाजूने लिहितो. हत्ती हलका असतो म्हणून कुरियर स्वस्त पडेल असं धरू नका. बऱ्याच कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन दोन्ही काढतात आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ३० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे २७,००० भागिले ५०००, झाले ५.४ किलो, आत अर्धा किलोचा हत्ती असला तरी. आमचे पहिले सहा महिने यातच गेले, विक्री झाली की आनंद व्हायचा आणि महिनाअखेरीस हातात काही नसायचं. आता आम्ही तीनच मापाचे खोके ठेवतो आणि नवीन बाहुली बेततानाच ती कुठल्या खोक्यात बसेल ते बघतो. तुमचा माल दबतो, मातीसारखा फुटत नाही, हा मोठा फायदा आहे, घट्ट खोका किंवा जाड पाकीट पण चालेल.

दुसरं, एकाच साइटवर सगळा भार टाकू नका. एट्सी २००५ मध्ये हाताने केलेल्या वस्तूंसाठी म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये त्यांनी बाहेरच्या कारखान्यातून माल बनवून घ्यायला परवानगी दिली, आणि एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचं कमिशन ५ वरून ६.५ टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली होती. तरी कमिशन काही कमी झालं नाही. साइट वाईट असं म्हणत नाहीये, आम्हीही अशा साइटवर विकतो, पण नियम त्यांचे असतात आणि ते एका रात्रीत बदलतात. म्हणून गिऱ्हाइकाला विचारून त्याचा नंबर किंवा ईमेल स्वतःच्या वहीत ठेवा, नवीन काही केलं की कळवा. आमची निम्म्याहून जास्त विक्री आता जुन्याच लोकांना होते.

फक्त_गिऱ्हाईक

मी काही बनवत नाही, विकत घेते, तर तिकडून सांगते. माती_आणि_चाक यांचं तासाचं गणित बरोबर आहे पण ते तास उत्पादनाच्या माहितीत लिहून टाकायची काही जणांना सवय असते, "१४ तास मेहनत" वगैरे, ते वाचून मला निदान घ्यावंसं वाटत नाही, अवघडल्यासारखं होतं. त्या तासांनी मला काय मिळणार ते लिहा ना. मी भाचीसाठी एक ससा घेतला होता, तिने तीन वर्षं त्याला कानाला धरून फरफटवलाय, कितीदा धुतलाय आणि कान अजून जागेवर आहे. त्या विकणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं की कान दुहेरी दोऱ्याने आतून शिवलाय, सुती दोरा आहे, थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. त्या एका ओळीवर मी घेतला.

आणि फोटो! तुमच्या पेजवरचा लाल हत्ती तुम्हालाच विचारावं लागेल की नक्की कुठला लाल आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लाल लोकर नुसती भडक दिसते, टाके दिसतच नाहीत. एक फोटो हातात धरलेला द्या म्हणजे माप कळतं, एक मागचा, एक शिवणीचा जवळून.

माती_आणि_चाक

@फक्त_गिऱ्हाईक हे पटलं. तास वहीत ठेवायचे, पानावर नाही. कोणी किमतीबद्दल विचारलंच तर सांगायचे. फोटोबद्दल भर घालतो, खिडकीजवळ काढा पण थेट ऊन नको, आणि घरातला दिवा बंद करा, दिव्याचा पिवळा आणि दिवसाचा उजेड एकत्र आला की कुठलाच रंग खरा येत नाही. सावलीच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला की झालं.

दोन_सुया_एक_क्रोशा

ऑर्डरबद्दल एक सुचवते. सरळ नाही म्हणण्यापेक्षा त्यांना दुसरी वस्तू दाखवा. किल्लीला लावायचा छोटा हत्ती, तळहाताच्या निम्मा, १८ टाक्यांपर्यंतच वाढवायचा, पाय वेगळे न विणता त्याच गोलातून काढायचे. दीड-दोन तासांत होतो. ४० गुणिले २ म्हणजे ८० तास, महिन्यात बसतं. किंमत आपोआप कमी होते आणि तुमच्या तासाचा दर तसाच राहतो. घाऊक सवलत द्यायचीच तर लोकर एकदम घेतल्यावर जे वाचतं तेवढीच द्या, तास कधी घाऊक होत नाहीत. निम्मे पैसे आधी, आणि एक नमुना दाखवून त्यांच्याकडून लेखी होकार घेतल्याशिवाय बाकीचे सुरू करू नका. सगळी लोकर एकाच लॉटची घ्या.

साखळी_मुकाखांब

सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन आठवडे झाले, मुद्दाम वही पूर्ण करूनच लिहितेय. माझे ९ तास ९ नव्हतेच, शिवणं, कापूस भरणं, फोटो, पॅकिंग धरून १३ निघाले. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण वर्षभर मी कितीला विकत होते ते तेव्हा नीट दिसलं.

कंपनीला छोट्या हत्तीचा नमुना पाठवला. ते म्हणाले ४० नको २५ द्या, आणि दराला हो म्हणाले, निम्मे पैसे आलेत. ११ विणून झालेत. मोठ्या हत्तीची किंमत पण वाढवलीय, हात थरथरत होते टाइप करताना. त्यानंतर दोघांनी परत महाग म्हणून मेसेज केला, त्यांना क्रोशाला मशीन नसतं ते सांगितलं, एकीने उत्तरच दिलं नाही आणि एकीने कासव घेतलं, पूर्ण किमतीत.

एक शेवटचं विचारायचंय. परदेशातून एका बाईंनी दीड वर्षाच्या बाळासाठी ससा मागितलाय. मी प्लास्टिकचे डोळे लावते, मागे वॉशर असतो ते. चालतील ना?

दोन_सुया_एक_क्रोशा

नाही ताई, बाळासाठी नको. त्यांना सेफ्टी आइज म्हणतात पण वीण सैल झाली किंवा बाळाने चावून ओढलं तर वॉशरसकट बाहेर येतात. अमेरिकेत आणि युरोपात ३ वर्षांखालच्या खेळण्यांचे सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत टाकून बघतात, त्यात पूर्ण मावला तर तो गिळण्याजोगा भाग धरतात. डोळा सहज मावतो. डोळे दोऱ्याने भरतकाम करून काढा, बटण नको, मणी नको. वीणही घट्ट हवी, म्हणजे ओढल्यावर मधून कापूस दिसता कामा नये, सुई अर्ध्या मिलिमीटरने लहान घेऊन बघा.

आणि परदेशी पाठवण्याआधी त्या देशाचे खेळण्यांचे नियम बघा. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना चाचणी लागते, युरोपात ईएन ७१ (खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक) च्या चाचण्या आणि नियम पाळल्याची सीई खूण. "फक्त शोभेसाठी" असं लिहून बरेच जण पाठवतात पण ससा खेळण्यासारखा दिसत असेल तर ते खेळणंच धरलं जातं. त्या बाईंना सरळ कळवा की चाचणी झालेली नाही, सध्या पाठवू शकत नाही.

साखळी_मुकाखांब

कळवलं त्यांना आत्ताच. आणि दुकानातल्या सशांचे डोळे आजपासून दोऱ्याचे करतेय, आधी गेलेल्या तीन सशांच्या गिऱ्हाइकांनाही मेसेज केलाय की घरात लहान बाळ असेल तर परत पाठवा, डोळे बदलून देते.