काळा ड्रेस एकच. वरून काय काय चढवता?

मैत्रिणींनो, मुंबईच्या घरात अख्खं कपाट आपलं असणं हे भाग्य फार थोड्या जणींचं. म्हणून हा धागा. साधा, बिननक्षीचा, गुडघ्यापर्यंतचा काळा ड्रेस तुमच्याकडे असेल, तर तोच ऑफिसला, तोच वाढदिवसाला आणि तोच सणाला कसा फिरवता ते लिहा. स्कार्फ, पट्टा, ओढणी, दागिने, गजरा, काहीही चालेल. फक्त नीट सांगा: काय घेतलं, कुठून घेतलं, कसं बांधलं आणि संध्याकाळपर्यंत जागेवर राहिलं का. 'क्लासी दिसतं' एवढंच लिहून पळणाऱ्यांना चहा मिळणार नाही.

असा साधा काळा ड्रेस ही मुळात पाश्चात्त्यांकडची फॅशन. १९२६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या 'व्होग' या फॅशनच्या नियतकालिकाने पॅरिसची फॅशन डिझायनर कोको शनेल हिच्या एका साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याला फोर्डच्या मोटारीच्या पंगतीत बसवलं. म्हणजे त्या मोटारीसारखाच हाही आता जिकडेतिकडे, सगळ्या अंगांवर दिसणार. त्याआधी तिकडे काळा रंग मुख्यतः सुतकाचा आणि कामवाल्या बायकांच्या गणवेशाचा. मला स्वतःला शनेलची दुसरी गोष्ट जास्त आवडते: ती खरे आणि खोटे मोती बिनदिक्कत एकत्र घालायची. तेव्हा भुलेश्वरच्या बाजारातल्या खोट्या मोत्यांच्या माळेबद्दल कुणी ओशाळायचं कारण नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. एका वेळी एकाच वस्तूला बोलू द्यावं. कंबरेला भारी पट्टा असेल तर गळा मोकळा, गळ्यात रंगीत स्कार्फ असेल तर कानात फक्त टिकलीएवढं कानातलं. हे न पटणाऱ्या पुढे भेटतीलच.

डोंबिवलीहून, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरी

लेडीज डब्यात गळ्यात स्कार्फ बांधून चढायचंच नाही. टोक कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतं, ती बाई घाटकोपरला उतरायला निघते आणि तिच्याबरोबर आपली मानही निघते. म्हणून ट्रेनमध्ये ड्रेसवर नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट, बटणं उघडी, खाली कंबरेशी गाठ. स्कार्फ पर्सच्या दांड्याला गुंडाळलेला. कुर्ल्याला उतरून ऑफिस गाठलं की वॉशरूममध्ये शर्ट पिशवीत आणि स्कार्फ अंगावर.

आता स्कार्फचं माप, कारण सगळ्या फसतात त्या इथेच. रस्त्यावर मिळणारे बहुतेक चौकोन पन्नास-साठ सेंटिमीटरचे असतात. ते गळ्यापुरते. कंबरेला बांधायचा असेल तर ९० चा चौकोन हवा. तो कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की लांबी सव्वा मीटरच्या वर जाते, मग कंबरेभोवती फिरून गाठीपुरतं कापड उरतं. दुमडताना दोन्ही कोपरे आतल्या बाजूला आणायचे आणि तीन-चार बोटं रुंद पट्टी होईपर्यंत घड्या घालत जायचं. नुसता पीळ दिला तर दोरखंड दिसतो.

सॅटिनची गाठ सुटते. त्यावर माझा उपाय म्हणजे लेकीची बारशातली छोटी बांगडी. दोन्ही टोकं बांगडीतून ओवायची, एक टोक वरून मागे घ्यायचं, बांगडी बाजूला कंबरेवर. बक्कल केवढ्याला घेतलं, असं दोघींनी विचारलं.

दादर, कपडे शिवते

माझ्याकडे हे ड्रेस रोज येतात, त्यामुळे वस्तूंच्या आधीचं सांगते. तयार ड्रेसला कंबरेशी दोऱ्याचे लूप असतात, ते पहिले कापून टाका. कंपनीने कुणाच्या तरी मापाने लावलेले असतात, तुमची कंबर दोन बोटं वर किंवा खाली असते. पट्टा त्या लूपमध्ये अडकवला की ड्रेस वर गोळा होतो आणि पोट नसलं तरी दिसतं. पट्टा आरशासमोर बांधा, जिथे श्वास नीट घेता येईल तिथे खूण करा, आणि तिथे नवे लूप आपल्याच काळ्या दोऱ्याने घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, मुंढा, म्हणजे हात घालायचा घेर. बिनबाह्यांच्या ड्रेसचा मुंढा खोल असेल तर वरून कितीही महाग स्टोल टाका, बाजूने आतलं दिसणारच. आधी तो घट्ट करून घ्या. मार्जिन नसेल तर काखेत छोटा टक घेता येतो, काळ्यात तो दिसत नाही. काळ्याचा हा मोठा गुण. शिवण झाकतो, टीप वाकडी गेली तरी झाकतो.

एक गोष्ट मात्र झाकत नाही: दुसरा काळा. काळ्या ड्रेसवर काळं जॅकेट घेताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारात उन्हात नेऊन बघा. एक काळा हिरवट निघतो, एक निळसर, आणि दोन्ही एकत्र घातले की त्यातला एक जुना वाटतो. त्यापेक्षा पोत बदला. साध्या क्रेपवर जाळी किंवा मखमल घेतली तर तो फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

(धागाकर्ती: लूपचं वाचून आत्ताच कपाट उघडलं. खरं आहे. ताई, तुमच्याकडे नंबर लावावा लागेल.)

गिरगाव

आमच्याकडे काळ्याचं सगळं उलटसुलट. लग्नाला काळं नको, बारशाला नको, घरभरणीला तर नकोच. आणि संक्रांतीला काळंच हवं. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून, असं आमच्या सासूबाई सांगतात. मुंबईत जानेवारीत कसली थंडी, पण रिवाज आहे.

गेल्या संक्रांतीला चाळीच्या हळदीकुंकवाला ऑफिसातून थेट जायचं होतं, चंद्रकळा नेसायला वेळच नव्हता. सासूबाईंनी त्यांचा चांदीचा कंबरपट्टा काढून हातात दिला. "नुसता डब्यात पडून असतो, घाल." पण कंबरपट्टा साडीवर बसतो तो निऱ्यांच्या आणि पदराच्या आधाराने. ड्रेसवर तो सुळकन खाली येतो आणि एका बाजूला लोंबतो. शिवाय कड्यांची टोकं क्रेपमध्ये अडकून धागे ओढले जातात. मग घरात उरलेल्या खणाची चार बोटं रुंद पट्टी कापली, कडा ओवरलॉक करून घेतल्या (खण फार सुटतो, हे केल्याशिवाय हात लावू नका), मागे दोन हुक, आणि त्या पट्टीवर कंबरपट्टा तीन ठिकाणी टाचला. लाल-जांभळा खण, त्यावर चांदी, खाली सगळं काळं. गळ्यात काही नाही. कानात कुड्या. केसात मोगऱ्याचा गजरा, तो दादरच्या फुलबाजारातून सकाळीच आणून ओल्या रुमालात गुंडाळून ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवलेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ड्रेसवर वाण घेणार का गं?" माझ्या आधी सासूबाईच बोलल्या, "काळाच आहे ना? मग झालं तर."

लग्नाचा तोडगा मात्र अजून सापडलेला नाही. रिसेप्शनला भरगच्च लाल बांधणीची ओढणी घेतली की काळं फारसं दिसत नाही; मुहूर्ताला मी जातच नाही त्या ड्रेसमध्ये. वाद कशाला.

ठाणे

पट्टा, पट्टा, पट्टा. ज्यांचं पोट आहे त्यांनी काय करायचं? माझ्या कंबरेला पट्टा बांधला की दोन भाग होतात, वरचा आणि खालचा. मला उभी रेघ बरी पडते. गुडघ्याखाली येणारं बिनबटणांचं लांब जॅकेट, पुढून उघडं. मंगलदास मार्केटमधून इकतचं सुती कापड घेतलं आणि शिवून घेतलं. (रविवारी मार्केट बंद असतं, खेप घालू नका.) ऑफिस, नाटक, सगळीकडे चालतं. स्कार्फ वगैरे माझ्याच्याने होत नाही, उकडतं.

वसई

आमच्या घरी या ड्रेसची गरज दोन टोकांना लागते. मयताला चर्चमध्ये काळा घालतात आणि नाताळातही हाच. मयताला फक्त घड्याळ आणि डोक्यावर पांढरा स्कार्फ. तोही पातळ सुती, कारण चर्चमध्ये डोक्यावरून घसरला की सारखा हात जातो आणि लोक बघतात. नाताळात तोच ड्रेस, आईची मोत्यांची दुपदरी माळ, लाल पंप शूज. बाकी काही लागत नाही. माझी बहीण म्हणते दोन वेगळे ड्रेस ठेव, दुःखाचा ड्रेस आनंदात कसा घालवतो? मला तसं वाटत नाही. माझ्या लेखी ड्रेस तोच असतो.

विलेपार्ले, निवृत्त

आमच्या काळी फोर्टच्या ऑफिसात साडीच. ड्रेस घालायला लागले ती निवृत्तीनंतर, सुनेच्या आग्रहाने. सुरुवातीलाच एक लक्षात आलं जे कुणी सांगत नाही. काळ्या ड्रेसवर मंगळसूत्राचे मणी दिसतच नाहीत! फक्त दोन वाट्या हवेत लटकल्यासारख्या. गंमत वाटते. सून म्हणते छान दिसतं, पण मला आपलं अधांतरी वाटतं. त्यामुळे मी गळा बघून ठरवते. रुंद गळा असेल तर ठुशी. ती गळ्याला चिकटून बसते, कापडाला लागत नाही. बंद गळा असेल तर मोहनमाळ, ती कापडावर मोकळी पडते. मधल्या, पानाच्या आकाराच्या गळ्यावर दोन्ही विचित्र दिसतात, तिथे काही घालू नये.

पायात कोल्हापुरी. केस मी रंगवत नाही. काळ्या कापडावर पांढऱ्या केसांसारखा दागिना नाही, हे नातीचं म्हणणं, आणि मी ते मान्य केलेलं आहे.

कांदिवली

पावसाळ्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून. रेक्झिनचा पट्टा मुंबईत दोन पावसाळे काढत नाही. वरचा थर दमट हवेने सुटतो आणि खपल्या काळ्या ड्रेसवर पडतात, झटकल्या तरी चिकटून राहतात. तो वापरल्याने नाही, नुसता पडून राहिला तरी सुटतो. मी धारावीच्या चामड्याच्या दुकानातून खरा पट्टा घेतला, स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून दोन भोकं वाढवून घेतली. चामड्याला बुरशी येते, पण ती सुक्या फडक्याने पुसली जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, खुंटीला टांगायचा.

खोट्या दागिन्यांचंही तेच. घामाने काळे पडतात, आणि निकेल असलं तर मानेला खाज. आतल्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा हात दिला की काही दिवस तग धरतात. ऑक्सिडाइज्डच्या माळांचा काळपट डाग मानेवर उतरतो, पण ड्रेस काळा असल्याने निदान त्याचं वाटोळं होत नाही.

(धागाकर्ती: तीन जणींनी काळा विटतो त्याचं विचारलंय, एकदाच सांगते. उलटा करून, गार पाण्यात, वेगळा धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. मुंबईच्या गच्चीवरचं ऊन सुती काळ्याचा रंग बघता बघता खातं. पॉलिएस्टर विटत नाही, पण एप्रिल-मेमध्ये त्यात माणूस उकडतं, तेव्हा काय सोसायचं ते आपलं आपण ठरवा. डिओड्रंटचे पांढरे फराटे ओल्या फडक्याने पुसू नका, पसरतात. जुन्या नायलॉनच्या मोज्याने कोरडे घासा.)

अंधेरी, पीजी

आम्ही तिघी एका खोलीत आणि काळा ड्रेस एक. माप जवळपास सेम आहे, जी उंच आहे तिला जरा तोकडा होतो, ती खाली लेगिंग्ज घालते. कॉलेजच्या प्रेझेंटेशनला मी त्याच्या आत कॉलरवाला शर्ट घालते, म्हणजे ड्रेस पिनाफोरसारखा होतो. दुसरी लिंकिंग रोडवरून घेतलेली साखळी कंबरेला बांधते आणि लेडीज डब्यातल्या मावशींकडचे मोठे झुमके, एवढ्यात तिची पार्टी. धागाकर्तींचं 'एकच वस्तू' तिला अजिबात मान्य नाही, ती सात अंगठ्या घालते आणि खरं सांगायचं तर तिला शोभतात. तिसरी नाचते, ती त्यावर आजीच्या जुन्या साडीचा काठ तिरपा पिन करते, डाव्या खांद्यावरून उजव्या कंबरेला. सेफ्टी पिन आतून लावायची आणि पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवायचा, नाहीतर नाचताना ड्रेसला भोक पडतं.

नियम एवढाच की ज्या दिवशी जी घालेल तिने त्याच रात्री धुवायचा. सध्या सात अंगठ्यांवालीने ड्रेस धुवायची पाळी चुकवली आहे आणि उद्या माझा व्हायवा आहे. रात्री धुतलेला पॉलिएस्टर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतो का, कुणाला अनुभव असेल तर लगेच लिहा.