मदत हवी आहे: एनर्जीप्लसमध्ये निंबाची सावली कशी दाखवायची?

राम राम मंडळी.

अमळनेरला काकांचं जुनं धाब्याचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं बांधायचं ठरलंय. प्लॉटवर एक मोठा निंब आहे. ठेकेदार म्हणतो, पायाच्या आड येईल, काढून टाका. आजी म्हणते, "कसाले तोडस रे?" आणि काका माझ्याकडे बघून म्हणतात, तू आर्किटेक्चर शिकतोस ना, मग दाखव, झाड ठेवलं तर एसीला किती वीज कमी लागेल.

एनर्जीप्लस म्हणजे घरातल्या उष्णतेचा आणि विजेचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर; ते चालवायला ओपनस्टुडिओ या प्रोग्रॅममध्ये घराचं मॉडेल केलं. हवामानाची फाईल अकोल्याची, आपल्या उन्हाळ्याला तीच जवळची वाटली. भिंती ९ इंची विटेच्या. झाडाचं खोड सोडून दिलं, पानांच्या घेराएवढी एक पेटी हवेत उभी केली आणि तिच्या सगळ्या बाजू शेडिंग सरफेस (फक्त सावली पाडणारे पृष्ठभाग) केल्या. ट्रान्समिटन्स ०.२, म्हणजे पाचातला एक हिस्सा ऊन पानांतून खाली येतं असं धरलं.

आता गंमत बघा. मे महिन्यात झाड असो की नसो, बैठकीच्या खोलीत फरक जवळजवळ नाहीच. उलट डिसेंबरात खोली चांगली थंड पडते! हे काकांना दाखवलं तर निंब दुसऱ्या दिवशी आडवा. पण त्याच निंबाखाली आम्ही लहानपणापासून मे महिन्यात बाज टाकून झोपतोय, ते काय उगाच? ट्रान्समिटन्स चुकला का? पानगळ दाखवायला हवी का?

भुसावळकर:
ट्रान्समिटन्सचं नंतर बघू. झाड मॉडेलमध्ये दक्षिणेला आहे का? आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. २५-२६ मेला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या बाजूनेच फिरतो. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा थेट ऊन पडतच नाही, मग तिथल्या झाडाने अडवायचं काय? डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो, ते ऊन झाड खातं. तुमचा निकाल दक्षिणेच्या झाडाचा म्हणून अगदी बरोबर आहे. एक सांगा, संध्याकाळी पाचला निंबाची सावली कुठे पडते?

धागाकर्ता:
बैठकीच्या भिंतीवर. काका चहा तिथेच घेतात.

भुसावळकर:
मग झाड पश्चिमेला आहे, भाऊ. नकाशात वरच्या बाजूला काय आहे?

धागाकर्ता:
रस्ता. आणि रस्ता पूर्वेला आहे. नॉर्थ ॲक्सिस (नकाशा खऱ्या उत्तरेपासून किती अंश फिरलाय तो आकडा) ० च राहिला होता, म्हणून मॉडेलने वरची बाजू उत्तर धरली आणि झाड दक्षिणेला गेलं. दोन आठवडे घातले यात, कुणाला सांगू नका.

गिरणाकाठ:
नुसता ९० करून मोकळे होऊ नका. झाड साईट शेडिंग म्हणून काढलं असेल तर घर फिरेल आणि झाड जागेवरच राहील. ते बिल्डिंग शेडिंग करा, मग दोन्ही सोबत फिरतील.

दुसरं, पेटीचा घोळ. उन्हाचा किरण एका बाजूने आत शिरतो आणि दुसरीतून बाहेर पडतो, म्हणजे ०.२ दोनदा लागतो. ०.२ गुणिले ०.२, हातात उरले ०.०४. तो निंब राहिला नाही, ताडपत्री झाली. एकूण ०.२ हवा असेल तर प्रत्येक बाजूला ०.४५ च्या आसपास द्या.

पानगळ जरूर दाखवा. निंब फेब्रुवारी-मार्चात झडतो, पण पाडव्याच्या सुमारास कोवळी पालवी आलेली असते आणि खऱ्या उन्हाळ्यात तो पुन्हा दाट. म्हणून शेड्यूलमध्ये (वर्षभरात आकडा कधी किती ते सांगणाऱ्या वेळापत्रकात) तेवढे काही आठवडे ट्रान्समिटन्स वाढवा. असं बदलतं शेड्यूल लावलं की स्काय डिफ्यूज मॉडेलिंग डिटेल्ड निवडायचं. साध्या पर्यायात आकाशातून येणाऱ्या पसरट उजेडाचा हिशेब एकदाच होतो, झाड वर्षभर सारखंच धरलं जातं.

आणि बाजेवरचा गारवा या आकड्यात शोधू नका. शेडिंग सरफेस फक्त ऊन अडवतो. पानांतून पाणी उडून हवा गार होते, ते त्याला ठाऊक नसतं. काकांना हे वेगळं तोंडी सांगा.

धागाकर्ता:
सगळं बदलून पुन्हा चालवलं. मे महिन्यात दुपारी चारनंतर पश्चिमेच्या भिंतीवरचं ऊन बरंच उतरलं, डिसेंबरातली तक्रारही गेली. स्लॅबला मात्र फारसा फायदा नाही, फांद्या तिथवर पोचतच नाहीत. स्लॅबवर पांढरा चुना मारून बघतो.

काका निम्मे पटलेत. ठेकेदार आता मुळांवर आलाय, जोत्याला तडे जातील म्हणतो. निंब ठेवून शेजारी पाया घेतलेलं कुणी आहे का इथे? किती अंतर सोडलं होतं?