अनुभव धागा: डोक्यातला नायटा, चाई, खवडे

मोगरा७
काल भाचीच्या केसांतून फणी फिरवत होते. कानामागे रुपयाएवढा चट्टा, केस मुळाशीच तुटलेले, नुसते काळे ठिपके. एकदम धाकट्या भावाचं डोकं आठवलं. तेव्हा सगळे म्हणायचे चाई आहे (गोल चकत्यांत केस जातात ती), लसूण चोळा. आई रोज चोळायची आणि तो ओरडून घर डोक्यावर घ्यायचा. शेवटी मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांनी तुटके केस काढून काचपट्टीवर तपासले तेव्हा बुरशी निघाली. ग्रिसोफुल्विनच्या गोळ्या दिल्या. दूध-तूप असलेल्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, तरच नीट लागू पडतात. केस सगळे परत आले त्याचे. इथे ताई मलमावर अडून बसलीय. तुमच्या घरचं लिहा, तिला वाचायला देते.

देशस्थ_सून
मलमाने नाही जाणार गं. ती बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत असते, मलम तिथे पोचतच नाही. पोटातूनच औषध लागतं. आमच्या लेकाला ६ ते ८ आठवडे सांगितलं होतं. मध्येच डोकं स्वच्छ दिसायला लागल्यावर सासूबाई म्हणाल्या पुरे आता. डॉक्टर म्हणाले, कोर्स पूर्ण करा, नाहीतर परत येईल. कुकर झाला, बाकी नंतर.

सातारी_तिखट
आणि मेडिकलमधून ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणू नका!! त्यात स्टेरॉइड असतं. खाज थांबते, लाली जाते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी पसरत राहते.

नदीकाठ
पुतण्याचं डोकं गळवासारखं सुजलं होतं, हात लावला की मऊ, वरून पू. एका दवाखान्यात चिरा दिला. पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडे कळलं की याला केरियन म्हणतात, बुरशीच ती, चिरायचं नसतं, गोळ्यांनी बसतं. आता तिथे केस येत नाहीत. कॉलेजला जातो, रोज आरशासमोर उभा राहून भांग असा पाडतो की वण झाकावा. बघवत नाही.

देशस्थ_सून
@नदीकाठ, अरेरे. पोराला सांगा, उंच आहे ना, वरून कोण बघतंय!

नदीकाठ
सहा फूट आहे 😄 सांगते.

चहाबाज
कोंड्याला पण गोळ्या का? मला दर थंडीत होतो.

सातारी_तिखट
नाही हो दादा. कोंड्यातली बुरशी वेगळी, मॅलासेझिया. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, टाळूच्या तेलावर जगते. २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू, फेस करून ५ मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, आठवड्यातून दोनदा. नायट्यात हाच शाम्पू जोडीला देतात, घरात दुसऱ्याला लागू नये म्हणून. एकट्या शाम्पूने नायटा बरा होत नाही.

चहाबाज
आणि खोबरेल?

सातारी_तिखट
कोंडा असेपर्यंत नको. आजीला सांगू नका माझं नाव.

पेणची_पोर
माझ्या मुलीला वर्गात वेगळ्या बाकावर बसवलं होतं. घरी येऊन म्हणाली, आई माझं डोकं घाण आहे का? अजून कसंतरी होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की औषध सुरू आहे, शाळेत यायला हरकत नाही. चकोट करायचीही गरज नसते. फणी, टोपी, हेअरबँड फक्त वेगळे ठेवा. लहान मुलांनाच जास्त होतं हे, वयात आल्यावर टाळूचं तेल बदलतं, मग क्वचित. यात मुलांचा काय दोष?

मोगरा७
@पेणची_पोर, हे वाचून ताई रडली. उद्याची वेळ घेतलीय, मी सोबत जातेय.

बोकोबा
घरी मांजर आहे का? आमच्या पिल्लाकडून आलं होतं. अंधारात एका खास दिव्याखाली केस हिरवे चमकले. पण आपल्याकडच्या नेहमीच्या बुरशीत असं चमकत नाही, त्यामुळे चमकलं नाही तरी केओएच तपासणी (तीच, तुटके केस काचपट्टीवर बघतात ती) करून घ्या.

मोगरा७
आहे ना, भाचीच्या उशीवरच झोपते.

बोकोबा
मग मांजरीलाही प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. केस गेलेत का कुठे, कानाच्या कडा बघा आधी.

चहाबाज
फोटो टाका मांजराचा.