सुट्या भागांची बेरीज म्हणजे किंमत नव्हे
कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाला जोडायच्या नव्या कार्डात मोजकेच सुटे भाग असताना त्याची किंमत इतकी कशी, हा आक्षेप मला पटत नाही. सर्किट बोर्ड आज थोड्या नगांतही परवडतो. परंतु प्लास्टिकच्या कवचासाठी लागणाऱ्या पोलादी साच्याचा खर्च नग शंभर असोत की हजार, तेवढाच राहतो आणि मोजक्या ग्राहकांत विभागला की प्रत्येकाला जड जातो. 1982 च्या या यंत्रातली सिड ही ध्वनिचिप आता बनतच नाही, म्हणून तिचे काम एफपीजीए (आतली रचना हवी तशी ठरवता येणारी चिप) किंवा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) यांवर नव्याने उभारावे लागते. ही मेहनत कोणी हिशेबात धरत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या संगणकाची नवी आवृत्ती असलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्टने 2017 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर आगाऊ निधी उभारला, कारण अशा कामात पैसा विक्रीच्या कितीतरी आधी लागतो.