खुब्याच्या ऑपरेशननंतर पट्टी पुन्हा ओली होतेय, रक्त पातळ करणारं इंजेक्शन थांबवू का?

थोरली_लेक:
आईचं (वय 67) उजव्या खुब्याचं सांधेबदल ऑपरेशन झालं, आज आठवा दिवस. परवा घरी आणलं तेव्हा पट्टी कोरडी होती. काल संध्याकाळपासून तिच्यावर गुलाबी ओल येतेय. रात्री बदलली, सकाळी परत तळहाताएवढा डाग. मांडी खुब्यापासून पार गुडघ्यामागपर्यंत काळीनिळी झाली आहे आणि आई म्हणते, आतून ताणल्यासारखं वाटतंय. ताप नाही. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते.

रोज रात्री पोटावर एनॉक्सापॅरिन 40 चं इंजेक्शन चालू आहे, महिनाभर घ्यायला सांगितलंय. हृदयात जुना स्टेंट असल्यामुळे ॲस्पिरिन 75 पण आहे. मामा म्हणतात, जखमेतून रक्त येत असताना रक्त पातळ करायचं हा कुठला न्याय, बंद कर. सर्जन ऑपरेशनमध्ये आहेत, असिस्टंटने संध्याकाळी दाखवायला सांगितलंय. नाडी 76, बीपी 118/70. आकडे चांगले आहेत म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचा विचार करतेय. बरोबर आहे ना?

निळा_डबा:
माझ्या वडिलांच्या गुडघ्याच्या वेळी असंच पाणी येत होतं, आपोआप थांबलं. नाडी-बीपी ठीक आहे तर घाबरू नका. मी असतो तर आजचं इंजेक्शन मात्र दिलं नसतं.

रात्रपाळी_सिस्टर:
ताई, मी सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. निळा डबा यांच्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इंजेक्शन. खुबा बदलल्यावर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका घरी आल्यावरही कित्येक आठवडे राहतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. त्यामुळे मामांनी किंवा आपण कुणीच ते परस्पर बंद करायचं नाही. ते थांबवावंही लागेल कदाचित, पण ते सर्जनने मांडीला हात लावून ठरवायचं. तुमचा डोस रात्रीचा आहे, तोवर तपासणी सहज होते.

आता डाग. पहिले काही दिवस जखमेतून गुलाबी, पाणचट स्राव येतो आणि रोज कमी होत जातो, त्याची काळजी नसते. तुमच्याकडे जखम कोरडी होऊन पुन्हा ओली झाली आहे. हे वेगळं. ऑपरेशननंतरचं रक्त साधारण दोन वेळांना त्रास देतं. एक, पहिल्या 24 तासांत, बीपी पूर्ववत वर आलं की एखादी बंद झालेली रक्तवाहिनी उघडते. दुसरं, साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान, बहुतेकदा जंतुसंसर्गामुळे. आत साकळलेलं रक्त वाट काढून टाक्यांतून झिरपतं, असंही होतं. आठव्या दिवशी नव्याने सुरू झालेली ओल तुम्ही दाखवलीच पाहिजे, थेंबभर असली तरी.

आणि डागावरून रक्ताचा अंदाज बांधू नका. मांडीत लिटरभर रक्त साठतं आणि पट्टी जेमतेम ओली होते. काळेनिळेपणा खाली उतरणं वाईट नाही, तो आपल्या वजनाने उतरतो. बोटाने दाबल्यावर मांडी घट्ट लागते का, दुखणं वाढतंय का, पाऊल वर उचलता येतं का, तळव्याला मुंग्या आहेत का, हे बघा. साकळलेलं रक्त मागच्या मोठ्या नसेवर (रक्ताची नव्हे, पायाला हालचाल आणि संवेदना देणारी) दाब देऊ शकतं. दोन्ही मांड्या एकाच उंचीवर टेपने मोजा.

नाडी-बीपीचं सांगते, कारण यात चांगली चांगली माणसं फसतात. सत्तर किलोच्या माणसाचं पाऊण लिटर रक्त गेलं तरी बीपी जागचं हलत नाही. ते पडतं तोवर तीस टक्क्यांच्या आसपास रक्त गेलेलं असतं. आधी वाढते ती नाडी. पण स्टेंटवाल्या पेशंटना बरेचदा नाडी दाबून धरणारी गोळी चालू असते, मग तीही वाढत नाही. म्हणून मला हे सांगा: मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू आहे का? एरवी बीपी किती असतं? सकाळपासून लघवी किती वेळा झाली? आणि गोळ्यांचा डबा उघडून सगळ्या पट्ट्यांची नावं लिहा, जुन्यासुद्धा.

थोरली_लेक:
मेटोप्रोलॉल आहे, स्टेंटपासूनच. बीपी एरवी 145 च्या पुढेच असतं. लघवी सकाळी एकदा, थोडीशी. उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटीमीटर जास्त. पाऊल उचलते. डब्यात डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी सापडली. खुबा दुखायचा तेव्हाची आहे, घरी आल्यापासून ती त्या गोळ्या घेतेय.

रात्रपाळी_सिस्टर:
संध्याकाळची वाट बघू नका, आत्ता निघा. जिथे ऑपरेशन झालं तिथेच इमर्जन्सीत जा आणि निघाल्याचं फोनवर कळवा. आईला काही खायला देऊ नका, परत थिएटरमध्ये न्यावं लागलं तर पोट रिकामं हवं.

145 वाल्या माणसाचं 118 हे चांगलं बीपी नाही, तिच्यासाठी ते उतरलेलं आहे. 76 ची नाडी गोळीमुळे आहे. दारात पोचल्यावर हे दोन वाक्यांत सांगा, नाहीतर आकडे बघून तुम्हाला बाकावर बसवून ठेवतील.

डायक्लोफेनॅक बंद. ॲस्पिरिनने आधीच प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, निकामी केल्या आहेत, त्यात याची भर. शिवाय ही गोळी किडनीवर ताण आणते, आणि एनॉक्सापॅरिन किडनीवाटेच बाहेर पडतं. लघवी कमी आहे, म्हणजे इंजेक्शन अंगात साठत असेल. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला सांगाच. शौचाला काळं झालं होतं का तेही विचारा, पोटातूनही रक्त जाऊ शकतं. ॲस्पिरिनला मात्र स्टेंटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

भूलवाला:
सिस्टरांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. रक्तस्राव ताजा असताना हिमोग्लोबिन फसवं असतं. रक्त जाताना पेशी आणि पाणी बरोबरीने जातात, म्हणून प्रमाण तेच दिसतं. सलाईन गेल्यावर किंवा काही तासांनी खरा आकडा कळतो. पहिला रिपोर्ट बरा आला म्हणून परत फिरू नका, दुसरा होऊ द्या. ड्रेन (जखमेतलं रक्त बाहेर बाटलीत आणणारी नळी) घातली तर तीही गुठळीने तुंबते, रिकामी बाटली म्हणजे आत कोरडं असं नाही.

थोरली_लेक:
कालपासून लिहायला उसंत नव्हती. हिमोग्लोबिन घरी सोडताना 10.4 होतं, काल पोचल्यावर 9.1 आणि सलाईननंतर 7.6. क्रिएटिनिन वाढलेलं. सोनोग्राफीत मांडीत मोठा साकळा दिसला. रात्री टाके उघडून सगळं धुऊन काढलं. मोठी रक्तवाहिनी फुटलेली नव्हती, स्नायूतून झिरपत होतं. दोन पिशव्या रक्त दिलं. इंजेक्शन सर्जननी तात्पुरतं थांबवलंय आणि पोटऱ्यांना हवेने दाबणारी मशीनची पट्टी लावली आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चालूच ठेवलं. आई आज सकाळी चहा मागत होती. सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. ड्रेनमध्ये लाल येतंय, किती चालतं?

रात्रपाळी_सिस्टर:
चहा मागितला, फार बरं वाटलं वाचून. ड्रेनचं एकूण किती आलं यापेक्षा तासातासाला कमी होतंय का ते बघा. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर, असं फिकं होत जायला हवं. फिकं झालेलं पुन्हा लालभडक झालं, भराभर भरायला लागलं किंवा येणं एकाएकी थांबून मांडी घट्ट झाली, तर बेल दाबा, पाळी बदलायची वेळ असली तरी. जंतूंसाठी आतला नमुना तपासायला गेला असेल, त्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तो मागून घ्या. आणि इंजेक्शन परत सुरू होईल तेव्हा डोस नव्या क्रिएटिनिनवर ठरवलाय ना, एवढं विचारा.