मदत हवी आहे: अंतराळ-आरोग्य संशोधनात येणाऱ्या तरुणांना मार्गदर्शन कसे करावे?

नमस्कार.

मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या हाडांची झीज हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. २०२५च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. तिथे त्यांनी स्नायूपेशींवरचे आणि मेथी-मुगाच्या अंकुरांचे भारतीय प्रयोग केले, आणि तेव्हापासून "मॅडम, आम्हाला अंतराळ-वैद्यकात काम करायचे आहे" असे म्हणणारी मुले माझ्याकडे येऊ लागली आहेत. सध्या तिघे टिकून आहेत: पीएचडीला नुकतीच नाव नोंदवलेली एक विद्यार्थिनी, एमडी झालेला एक तरुण डॉक्टर आणि एक बायोमेडिकल इंजिनिअर. तिघेही हुशार आहेत आणि मेहनतीला मागे हटत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी नाही. माझी अडचण मार्गदर्शनाची आहे.

वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, आणि म्हणूनच अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायामासाठी राखून ठेवतात. इथपर्यंतचा भाग माझ्या आवाक्यातला आहे. डोक्याकडची बाजू ६ अंश खाली कललेल्या खाटेवर निरोगी स्वयंसेवकांना कित्येक आठवडे झोपवून जे अभ्यास होतात, त्यांचे निष्कर्षही आमच्या वॉर्डातल्या रुग्णांशी ताडून पाहता येतात. परंतु शरीरातील द्रव डोक्याकडे सरकल्यावर दृष्टिचेतेला येणारी सूज, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेरचा किरणोत्सर्ग, लहान जागेत महिनोन्‌महिने कोंडून राहिल्याचे मनावर होणारे परिणाम हे सगळे एकाच शरीरात एकाच वेळी घडत असते, आणि हे सगळे जाणणारा एकच मार्गदर्शक मिळणे जवळपास अशक्य आहे.

हे कुठे अडते त्याची दोन उदाहरणे देते. विद्यार्थिनी क्लिनोस्टॅटवर, म्हणजे पेशी सतत गोल फिरवत ठेवून त्यांना गुरुत्वाची एक दिशा जाणवू न देणाऱ्या यंत्रावर, हाडांच्या पेशी वाढवते. फ्लास्क पेशींच्या पोषक द्रवाने (माध्यमाने) काठोकाठ भरावा लागतो, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर फिरताना तो द्रव ढवळतो, पेशींवर घर्षणाचा ताण येतो आणि मग दिसलेला बदल गुरुत्वामुळे झाला की बुडबुड्यामुळे, हे सांगता येत नाही. तिच्या एका फ्लास्कच्या झाकणाखाली मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा होता. मी पेशींचे काम वर्षानुवर्षे केलेले असल्याने तो लगेच लक्षात आला आणि तो फ्लास्क बाद केला. डॉक्टरच्या बाबतीत मात्र मी अपुरी पडले. नासाच्या खुल्या विदासंग्रहातून (विदा म्हणजे डेटा) त्याने अंतराळात राहिलेल्या उंदरांच्या जनुकांची माहिती उतरवून घेतली आणि बदललेल्या जनुकांची लांबलचक यादी काढली. अशा प्रयोगांत उंदीर अख्खे गोठवले होते की अवयव लगेच काढून गोठवले होते, एवढ्याने सुद्धा निकालात मोठा फरक पडतो, हे आम्हाला पुण्याच्या एका विदातज्ज्ञाने फोनवर सांगितले. तो फोन ओळखीमुळे झाला. ओळख नसती तर?

नमुनासंख्येचा प्रश्न आणखी निराळा. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस स्थानकावर राहिले आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क पृथ्वीवर, त्यांच्यावरचा २०१९चा अभ्यास ही मुले पुरावा म्हणून पुढे करतात. एका जोडीवरून सर्व माणसांबद्दल बोलता येत नाही, हे त्यांना पटवण्यात माझा बराच वेळ जातो, आणि खरे सांगायचे तर तो वेळ मला वाया गेला असे वाटत नाही.

माझे मत असे झाले आहे की पीएचडीचा विषय "अंतराळ" असू नये. हाडाच्या पेशीला भार कसा कळतो, हा विषय असावा आणि वजनरहित अवस्था ही तो तपासण्याची एक परिस्थिती असावी. म्हणजे उद्या उड्डाणाची संधी मिळाली नाही, तरी हे शिक्षण अस्थिरोगाच्या किंवा पुनर्वसनाच्या क्षेत्रात उपयोगी पडेल. विद्यार्थिनीच्या वडिलांनी डोंबिवलीहून मुद्दाम येऊन "नोकरी कुठे लागणार?" असे विचारले, तेव्हा मी त्यांना हेच सांगितले. डॉक्टरला मात्र हे मत भित्रे वाटते.

आता विचारायचे ते असे. एकेका विद्यार्थ्यामागे एक मुख्य मार्गदर्शक, एक विदातज्ज्ञ आणि एक किरणोत्सर्गाचा किंवा यंत्रांचा जाणकार, अशी विभागणी कोणी प्रत्यक्षात चालवली आहे का? विद्यापीठाच्या नियमांत सहमार्गदर्शक आणि संशोधन सल्लागार समिती यांची सोय आहे, पण समिती सहा महिन्यांतून एकदा बसते आणि बुडबुड्यासारख्या गोष्टी तोवर थांबत नाहीत. तिघांनी मिळून सांभाळायचे ठरले की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहत असेल. ते टाळण्यासाठी आपण लेखी काय ठरवून घेतलेत? शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने येणार, हे कामाच्या आधी ठरवले की नंतर? खुल्या विदेवर काम करणाऱ्या नासाच्या विश्लेषण गटांत बाहेरच्या संशोधकांनाही सहभागी होता येते. तिथे आपल्या विद्यार्थ्यांना खरोखर शिकायला मिळाले का, की ते नुसतेच बैठकींना हजर राहिले?

भर: दोघांनी विचारले आहे की सगळ्यांना दर आठवड्याला एकत्र का बसवत नाही. आमच्या प्रयोगशाळा जिथे आहेत ती पवई, परळ आणि अणुशक्तीनगर ही ठिकाणे नकाशावर जवळ दिसतात, पण संध्याकाळी सहा वाजता ती किती जवळ असतात हे मुंबईकरांना सांगायला नको. ऑनलाइन बैठका होतात, मात्र त्यांत प्रयोगशाळेतले काम दिसत नाही. म्हणून महिन्यातून एका शनिवारी सर्वांनी आळीपाळीने एकेका प्रयोगशाळेत बसावे आणि त्या दिवशी सादरीकरण न करता चालू प्रयोगच दाखवावा, असा विचार आहे. हे कोणी करून पाहिले असल्यास पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर उपस्थिती टिकली का, एवढे अवश्य कळवावे.